अंगात असेल त्याचा हात फुगेल

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. दंड राहतात. धरमपेठेत भाजी घेताना समोरच्या बाईच्या बिनबाह्यांच्या ब्लाउजकडे मी टक लावून पाहते आणि नवरा कोपराने ढोसतो, "मार खाशील एखाद्या दिवशी." त्याला कितीदा सांगितलं, मी बाईकडे पाहत नाही, तिच्या डाव्या खांद्याखालच्या खुणेकडे पाहते. बाळ जन्मलं की क्षयाची लस तिथे टोचतात. काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, वाळते, आणि वाटाण्याएवढा गोल, जरासा खोलगट डाग जन्मभरासाठी राहून जातो. आमच्या नागपुरात लसीला टिका म्हणतात आणि त्या डागालाही टिकाच म्हणतात.

हे टिके पाहत फिरणं हाच माझा धंदा. आधी मोहीम येते. तिच्यात टोचणारे असतात, बॅनर असतं, जन्मतः टोचायची राहिलेली पोरं शाळेत गाठून आणलेली असतात, ती रडतात, मग केळी वाटतात आणि पेपरात फोटो येतो. पुढे काही वर्षांनी, सगळे ते विसरून गेल्यावर, आम्ही उगवतो. टोचलं ते लागलं का, आणि लागलं तर कामाला आलं का, हे पाहायला. आमचा फोटो कोणी काढत नाही, केळी तर सोडाच.

मी डॉक्टर नाही, पण शाळेत सगळे मला डॉक्टर मॅडमच म्हणतात आणि मीही आता दुरुस्ती करायची सोडून दिली आहे. आधी मी पोरांच्या दंडावरचा टिका पाहते. मग त्याच हाताला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, एक बारीक सुई टोचते. क्षयाचे जंतू अंगात दडून बसलेले असतील तर तिसऱ्या दिवसापर्यंत तिथे टणक गाठ उठते. ती पाहायची नसते, चाचपायची असते. नुसती लाली फसवते. म्हणून मी डोळे मिटून बोट सपाट कातडीवरून हळूहळू आत सरकवते आणि कड लागली की थांबते. आमच्यात ह्याला हात वाचणं म्हणतात.

एक गोष्ट मी कोणाला सांगत नाही. माझ्या स्वतःच्या दंडावर टिका नाही. आई म्हणते टोचलं होतं, पण उठलंच नाही. असं काहींचं होतं, त्यात नवल नाही. तरी जगाचे दंड तपासत फिरणाऱ्या बाईचा दंड कोरा असावा याची मला लाज वाटते. म्हणून मी बारा महिने पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालते, मे महिन्यातल्या नागपुरातसुद्धा, आणि लोकांना वाटतं बाई मोठी सोज्वळ आहे. नवरा आणि आई सोडून हे कोणाला ठाऊक नव्हतं. आताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

सक्करदऱ्याच्या बाजूच्या एका शाळेत आम्ही संक्रांतीनंतर गेलो. थंडी होती, पोरं मरून रंगाच्या स्वेटरांत होती आणि प्रत्येकाची डावी बाही खांद्यापर्यंत चढवता चढवता माझा जीव जात होता. आठवीचे वर्गशिक्षक पन्नाशीचे, अंगाने भरलेले, मनाने भले गृहस्थ होते. त्यांचा एकच शौक, माइक. पालकांच्या सह्या आलेल्या होत्या, सगळं नीट होतं, तरी सरांना प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवेना.

"पोरंहो, घाबरायचं काही काम नाही," ते म्हणाले. "मॅडम बारीकशी सुई लावतील. ज्याच्या अंगात असेल, त्याचा हात फुगेल. ज्याच्या अंगात काही नाही, त्याचा फुगणार नाही. समजलं?"

"समजलंऽऽ" असं सगळं मैदान ओरडलं. मी मागे सुया लावून ठेवत होते. मला ते वाक्य आवडलंच. छोटं होतं, सोपं होतं. जंतू हा एक शब्द त्यात राहून गेला होता, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

आठवीतली एक मुलगी माझ्या लक्षात राहिली. तेरा वर्षांची असेल, बारीक, स्वेटरचं वरचं बटण तुटलेलं. टिका ठसठशीत होता, अगदी गोल. सुई जाताना बाकीची पोरं तोंड फिरवतात. ही सुईकडे पाहत राहिली.

"मॅडम, ज्याच्या अंगात असन, त्याले ते माहीत असते का?"

"नाही. बहुतेकांना माहीतच नसतं."

"मंग ते बोलन का कधी?"

मला हसू आलं. "ते बोलत नाही गं. गपचूप बसून राहतं."

"कुठं?"

"छातीत."

तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि एक खोकला गिळला. पोरं वर्गात खोकला गिळतात, बाहेर काढतील म्हणून. मी तिच्या नावापुढे खोकल्याची खूण केली आणि पुढचा हात घेतला.

तिसऱ्या दिवशी वाचायला गेले तेव्हा आठवीच्या वर्गातून आवाज येत नव्हता. मला शाळांची सवय आहे. न बोलणारा वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता. मुली डाव्या बाजूला, मुलं उजव्या बाजूला, सगळ्यांचे हात बाकावर, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर.

पहिल्या मुलीने बाही वर केली. सुईच्या जागी हळद लावलेली होती. हळद लावतात लोक, कापलं-खरचटलं की पहिलं तेच. पण हळदीच्या मधोमध कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं.

"हे काय गं?"

"लावलं."

"कोणी?"

"आमचं आम्हीच."

दुसरीच्या हातावर तेच. तिसरीच्या हातावर तेच. रांगेतल्या एकूण एक मुलीच्या हातावर हळद आणि मध्ये लाल ठिपका. मला राग आला. ओल्या कापसाने एकेक हात पुसत गेले आणि पुसताना प्रत्येक पोर असं अंग चोरायची की जणू मी पोळवतेय. हात सपाट निघाला की मी नेहमी म्हणते, "काही नाही, छान." एरवी पोरं नाचत पळतात. त्या दिवशी "काही नाही" म्हटलं की चेहरा पडायचा. एकीने तर डोळ्यांत पाणी आणलं. तिने ती जागा नखाने खाजवून खाजवून लाल केली होती, आणि मी बोट फिरवून "नाही" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा पाहा नं मॅडम."

मग सरांनी त्या खोकणाऱ्या मुलीचं नाव घेतलं. तीच वेणी, तीच लाल रिबीन, तेच तुटलेल्या बटणाचं स्वेटर. ती आली, बाही खांद्यापर्यंत चढवली आणि हात पुढे केला. दंडावर टिका नव्हता.

मी हात उजेडाकडे वळवला. खाली सुईची खूणही नव्हती. बारीक खूण पुसली जाऊ शकते, असं मी स्वतःला सांगितलं. पण टिका? तो माणसाबरोबर सरणावर जातो. हा दंड असा होता, जणू त्याला कधी कोणी हातच लावला नव्हता.

"तुझा टिका कुठे गेला?"

डोळे तेच होते, थेट पाहणारे.

"तीच आहे नं मॅडम," सर दारातून, यादीतून डोकं वर न काढता म्हणाले. "एवढे सारे पोट्टे, सगळ्याइचे कपडे एकसारखे. तुमचा घोटाळा झाला असन."

खोटं कशाला सांगू, त्या मिनिटाला मला वाटलं की टिके माणसांना सोडून चालले आहेत. मी घाईघाईने मागच्या मुलीची बाही वर ओढली. तिचा जागेवर होता. माझा हात आपोआप माझ्या स्वतःच्या बाहीवर गेला आणि मी तो झटकन काढून घेतला. वर्गात कोणी हलत नव्हतं. त्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि ते सगळे मिळून माझ्याकडे पाहत होते.

मी खाली बसले, तिच्या तोंडाच्या पातळीला आले. तेव्हा दिसलं की स्वेटरच्या बाह्या तिला लांब होत आहेत.

"तू कोण आहेस?"

"धाकटी," ती कुजबुजली.

"ताई कुठे आहे?"

"बसली हाय. तिच्या जागी मले धाडलं."

"सांगाचं नोतं वं!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग एकदम श्वास सोडल्यासारखा हलला.

बसली म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या एका मावशीच्याही अंगात यायचं. देवी अंगात आली की बाई बसते, लोक समोर बसतात, आपापली दुखणी सांगतात. सरांचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांना त्यांचं वाक्य आठवलं असावं. ज्याच्या अंगात असेल त्याचा हात फुगेल. पोरांनी ते जसं ऐकायचं तसंच ऐकलं होतं, आणि घरोघरी जाऊन सांगितलं होतं. नंतर कळलं की अख्ख्या आठवीत असा हात तिचा एकटीचाच फुगला होता.

"मॅडम, आपण यात नको पडू," सर म्हणाले. "देवाधर्माचं काम आहे."

"देवाधर्माचं नाही, खोकल्याचं आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चला."

भर दुपार होती, हे मुद्दाम सांगते. अंधारात माणसाला काहीही वाटतं, पण मी जे पाहिलं ते लख्ख उन्हात चालत जाऊन पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. एका दारासमोर चपलांचा ढीग होता, बायकांच्या चपला आणि त्यांत मिसळलेले इवलेसे बूट, पिवळे, गुलाबी, चालल्यावर शिट्टी वाजणारे. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला होता. धाकटी आमच्यापुढे पळाली आणि पडदा बाजूला केला.

खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यावर साडी टाकलेली होती. आत धुपाचा धूर कोंडला होता, डोळे चुरचुरत होते. बायका खेटून बसल्या होत्या, बहुतेकींच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली लेकरं. समोर लाकडी पाटावर ती मुलगी. केस मोकळे, कपाळभर कुंकू, डावा हात मांडीवर उघडा ठेवलेला. त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सूज होती आणि मधला फोड हळदीने माखला होता.

ती खोकली. खोल, ओला खोकला, आता गिळलेला नाही. तो येताच सगळ्या बायकांनी हात जोडले. "मायवं!" देवी हुंकारली असं त्यांना वाटत होतं. खोकला सरला की एक बाई पुढे सरकली, लेकरू तिच्यासमोर धरलं, आणि मुलीने वाकून त्याच्या तोंडावर लांब फुंकर मारली.

हा रोग श्वासातून जातो. या वयाच्या पोरीला धरला तर तो मोठ्या माणसाला धरतो तसा धरतो, तिच्या खोकल्यातून दुसऱ्याला लागतो. आणि वर्षाच्या आतल्या लेकराला लागला तर कधीकधी सरळ मेंदूत चढतो. ते होऊ नये म्हणून तर जन्मल्याबरोबर टोचतात. मला त्या लेकरांचे दंड पाहायचे होते आणि सगळी गळ्यापर्यंत गुंडाळलेली होती.

"थांबा," मी ओरडले. "हा आजार आहे! लेकरं बाहेर न्या आधी!"

मुलीची आई उठली. सडसडीत, कामाला वाघ दिसणारी बाई. नवरा गावाला तूर काढायला गेलेला, घर हिच्याच अंगावर. ती माझ्यावर ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाहेर व्हा तुम्ही."

"अहो, तिला बरं नाही—"

"तुमचीच सुई, तुमचंच बोलनं. सरांनी माइकवर सांगतलं नं, अंगात असन त्याचा हात फुगन? हिच्या आजीच्याही अंगात येत होतं. आता म्हणता आजार. काहून? गरिबाच्या घरी देवी आली म्हणून?"

सर माझी ओढणी धरून मागे ओढत होते. बायका उठायला लागल्या. त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली, मार खाण्याची नाही, दार लागण्याची. दार लागलं असतं तर ती पोर आत आणि ती लेकरं आत.

"येऊ द्या त्याहीले," पाटावरून आवाज आला. "त्याहीनंच तर ओयखलं."

वाट झाली. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि हात मागितला. तिने दिला. मी डोळे मिटले, सपाट कातडीवर बोट ठेवलं आणि आत सरकवायला लागले. हात भट्टीसारखा तापला होता. कड लवकर लागली, उंच, दगडी. इतका मोठा हात मी कधी वाचला नव्हता. डोळे उघडले तर ती माझ्याकडेच पाहत होती, आणि देवीबिवी कोणी नव्हती, ती खोकला गिळणारी पोरगी होती.

"हाय नं मॅडम?" तिने हलकेच विचारलं. "हाय नं अंगात?"

सगळी खोली माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"आहे," मी म्हटलं.

बायकांनी सुस्कारा टाकला. कोणीतरी माझ्याच पायांना हात लावला.

"पण कोण आहे, ते बोटाला कळत नाही," मी म्हटलं. "छातीचा फोटो काढावा लागेल. मोठ्या दवाखान्यात."

आई बुचकळ्यात पडली. "फोटोत येते?"

"जे असेल ते येतं. आणि फोटो होईपर्यंत कोणी जवळ बसायचं नाही. लेकरं तर नाहीच. साडी काढा खिडकीवरची."

मी खोटं बोलले नाही. पूर्ण खरंही बोलले नाही. पोलिसांना का नाही बोलावलं, असं विचारणारे नंतर मला पुष्कळ भेटले. त्यांना एकदा त्या खोलीत बसवायला पाहिजे होतं.

फोटो निघाला. आईने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि मी मागून पाहिला. उजव्या बाजूला वर, बरगड्यांच्या आड, एक गोल कडं होतं, आत काळं.

"डोया!" आई म्हणाली. "डोया हाय, माय." तिने फोटो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. मला सांगवेना, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो डोळाच दिसायला लागला होता. पापणी न हलवता आत बसलेला, गपचूप.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सरळ सांगितलं, "बाई, फुप्फुसाला भोक पडलंय. औषधाने भरून येईल, पण रोज घ्यावं लागेल." हे तिला कळलं. ती फरशीवर बसली आणि पोरीचे मोकळे केस हातात घेऊन वेणी घालायला लागली. वेणी घालता घालता रडत होती.

थुंकीत जंतू निघाले. औषध सुरू झालं. धाकटीचाही फोटो काढला, तो साफ होता. तिचा जन्म आईच्या माहेरी, खेड्यात झालेला, टिका राहूनच गेला होता, आणि मोहीम शाळेत आली त्या दिवशी ती नेमकी घरी होती. तिलाही आगाऊ गोळ्या सुरू केल्या. मला वाटलं, सुटलो.

पण फुंकलेली लेकरं राहिली होती. मी त्या गल्लीत दारोदार गेले. प्रत्येक लेकराला तपासून औषध द्यायला हवं होतं, आणि एकही दार धड उघडेना. "देवीनं फुंकलं त्याले औषध कायचं?" एक म्हणाली. मुलीच्या आईने स्वतः जाऊन हात जोडले, तर तिला ऐकावं लागलं की तुझ्या घरची देवी गेली म्हणून आता आमच्या लेकरावर जळतेस का. मी चिडले, गयावया केली, पुन्हा चिडले. एका दुपारी तिच्या अंगणात येऊन डोकं धरून बसले. लेकरं खिडक्यांतून दिसत होती आणि माझा काही इलाज नव्हता.

मुलगी दाराशी बाजेवर पडलेली होती. औषधाने मळमळ व्हायची, दोन शब्द बोलली की दम लागायचा.

"सांगा त्याहीले," ती म्हणाली, आणि थांबून श्वास घेतला. "मी बसतो."

"मी तुला नाटक करायला सांगणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही कुठं... सांगून राहिल्या?"

होळी जवळ आली होती, ऊन तापायला लागलं होतं. मी एवढीच अट घातली की उघड्या अंगणात, तोंड बांधून, आणि बायका लांब. नागपूरच्या उन्हात सगळ्याच पोरी ओढणीने तोंड बांधून फिरतात, कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. तिने केस मोकळे सोडले, ओढणी नाकावरून घट्ट बांधली आणि मधोमध पाटावर बसली. फक्त डोळे दिसत होते, मग तेही मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. कुठे तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, पोरगी घाबरली, जाऊन उठवावं. तेवढ्यात ती बोलायला लागली.

आवाज तिचा नव्हता असं मी म्हणणार नाही. तिचाच होता. पण तिच्या छातीत तेवढा श्वास नव्हता, हे मला ठाऊक होतं. ती एका दमात, न खोकता, न थांबता बोलत होती.

"माह्या फुंकरेत इख होतं. ज्या ज्या लेकराले म्या फुंकलं, त्याच्या मायनं उद्या त्याले दवाखान्यात न्यावं, आन ते देतीन ते औषध पाजावं. नाही पाजलं त मी त्या घरी बसन, उठनार नाही." मग, डोळे मिटलेलेच, मान न वळवता, "तू मांगं काहून सरकून राहिली वं?"

दाराकडे सरकणारी एक बाई जागच्या जागी थिजली. ती मान मग सावकाश माझ्याकडे वळली.

"आन तू वं, बाहीवाली. तुह्या दंडावर टिका नाही. तूही फोटो काढ."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं फाटक उघडायच्या आधी त्या सगळ्या जणी बाहेर उभ्या होत्या, लेकरं छातीशी घट्ट धरून. एक बाळ सापडलं, ज्याला लागण झालेली होती आणि आजार नुकताच सुरू होत होता. अजून थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी ते इथे लिहिणार नाही. ते बाळ आता चालतं. त्याला दात आले आहेत आणि उचलून घेतलं की चावतं. त्याच रांगेत शेवटी उभं राहून मीही माझ्या छातीचा फोटो काढून घेतला. साफ निघाला.

नवा वर्ग सुरू झाल्यावर महिनाभराने तिचं औषध संपलं तेव्हा मी शाळेत गेले. ती नववीत होती, गाल भरले होते, कोणी पाया पडत नव्हतं की कोणी घाबरत नव्हतं. हातावर फोडाच्या जागी काळपट वण राहिला होता. मी तो पाहिला, आणि इतके महिने पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"अंगणात फार छान नाटक केलंस. लेकरं वाचली. पण माझ्या दंडाचं तुला कोणी सांगितलं?"

तिला कळेना. "कोनत्या दंडाचं?"

मी डाव्या बाहीवर हात ठेवला. ती जरा वेळ माझ्या बाहीकडे पाहत राहिली.

"नाटक त मी खोलीत केलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. सगळ्या पाया पडून राहिल्या होत्या, मले बरं वाटलं. अंगनात मी काहीच नाही केलं. अंगनातलं त मले आठवतच नाही."

घंटा झाली. तिने बाही खाली केली आणि वर्गात गेली.